पाणंद तीन ठोकळ्यांची

ठोकळ्यांच्या खेळात वाट उशिरा आली. माइनक्राफ्ट हा खेळ पूर्ण स्वरूपात बाजारात आला 2011 च्या नोव्हेंबरमध्ये. डोंगर, खाणी, समुद्र, झाडं, घर बांधायला लागणारा दगड, सगळं त्यात होतं. गवतावर फावडं मारून पायवाट करायची सोय मात्र 2016 च्या फेब्रुवारीत, 1.9 या आवृत्तीत आली. वाटेचा तो ठोकळा इतरांपेक्षा एक सोळांशाने बुटका ठेवलेला आहे. फरक एवढासाच, पण त्यामुळे बाजूच्या गवताची कड वर उठून दिसते आणि इथून माणसं ये-जा करतात हे डोळ्यांना पटतं. त्यावर दुसरा भरीव ठोकळा ठेवला, तर वाटेची पुन्हा साधी माती होते. ज्याने कुणी हे ठरवलं त्याने वाटा नीट बघितलेल्या असणार.

माझं काम चालतं लुआंटी या तशाच ठोकळ्यांच्या खेळावर. फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी 2010 मध्ये हा प्रकल्प सुरू केला. तेव्हापासून तो माइनटेस्ट या नावाने ओळखला जायचा, 2024 च्या ऑक्टोबरमध्ये त्याचं लुआंटी झालं. तो फुकट आहे, जुन्या संगणकावरही चालतो, आणि मुख्य म्हणजे त्यात कुणालाही आपले ठोकळे घालता येतात. लुआ भाषेत पाच-दहा ओळी लिहायच्या, सोळा बाय सोळा ठिपक्यांचं चित्र काढायचं, की नवा ठोकळा तयार. कोल्हापुरात मी मुलांना संगणक शिकवतो ते बरंचसं याच खेळाच्या आधाराने. इंग्रजी पुस्तकातली उदाहरणं डोक्यावरून जाणारा पोरगा आपला ठोकळा पाण्यावर तरंगतोय का बुडतोय हे बघायला तासन्‌तास बसतो.

आमच्या मुलांना पहिल्यांदा काय बांधायचं हे विचारावं लागत नाही. पन्हाळा. दर दिवाळीला गल्लीत दगड-मातीचा किल्ला करून हात बसलेला असतो. पोत्यावर चिखल थापायचा, आळीव-मोहरी पेरायची, वर मावळे मांडायचे, हे सगळं अंगवळणी पडलेलं. संगणकावरही त्यांनी तीन दरवाजा उभा केला, अंबरखान्याची कोठारं उभी केली, सज्जा कोठी केली. ठोकळ्यांत कमान काढणं सोपं नसतं, तरी कमानी नेटक्या जमल्या. पण चार दरवाजापासून पायथ्यापर्यंत सगळ्या वाटा एकाच तपकिरी रंगाच्या. जोतिबाच्या डोंगरावरची एक मुलगी बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, "सर, आमच्या पायऱ्या ह्या रंगाच्या न्हाईत. आणि खालची पाणंद पण अशी नसती."

तिचं बरोबर होतं, आणि ते मला आतपर्यंत लागलं. किल्ल्याचं कौतुक सगळे करतात. 2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. आनंदच आहे. पण पन्हाळ्याची सगळ्यात मोठी गोष्ट तटाची नाही, वाटेची आहे. 1660 च्या जुलैमधली पावसाची रात्र, सिद्दी जौहरचा वेढा, त्यातून पालखीत बसून निसटलेले शिवाजी महाराज, मसाईचं पठार, घोडखिंड म्हणजे आजची पावनखिंड, विशाळगड. त्या रात्री पायाखाली काय होतं, यावर सगळं अवलंबून होतं. ती वाट जर फरशी पुसल्यासारखी एकसारखी तपकिरी दाखवली, तर मुलांनी त्या रात्रीचं काय समजून घ्यायचं? म्हणून ठरवलं, किल्ला पुरे, आता वाटा.

सुरुवात मुरमापासून केली. आमच्या शेजारी एक आण्णा राहतात. रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून त्यांचा जन्म गेला. त्यांना पडद्यावरचा मुरूम दाखवला तर चष्मा वर करून म्हणाले, "ह्यो टाकलाय. बसवलाय कुठं?" मग समजावून सांगू लागले. मुरूम म्हणजे कुजलेला काळा दगड. तो नुसता ओतून रस्ता होत नाही. पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, मग तो बसतो. मधे उंच, कडेला उतार. पाणी रस्त्यावर थांबलं की रस्ता गेला.

त्यांच्या या बोलण्यातून एकाऐवजी दोन ठोकळे झाले. टाकलेला मुरूम आणि बसवलेला मुरूम. लुआंटीत ठोकळ्यांचे गट असतात. एखाद्या ठोकळ्याला पडणाऱ्यांच्या गटात घातलं, की खालचा आधार काढताच तो वाळूसारखा कोसळतो. टाकलेला मुरूम त्या गटात आहे, बसवलेला नाही. एकाचा दुसरा करायचा तर बादलीने पाणी मारून वरून रूळ फिरवावा लागतो. रूळ हे हत्यार मुलांनीच घडवलं. एक सोळांशाचा बुटकेपणा बसवल्यावरच येतो, टाकलेला मुरूम पूर्ण उंचीचा राहतो. दाबल्यावर माल खाली बसणारच.

मुरमाचं चित्र काढणं मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ अवघड. सोळा गुणिले सोळा म्हणजे 256 ठिपके, एवढ्यात सगळं सांगायचं. मुरूम जवळून बघितला तर त्यात तांबूस, पिवळट, राखाडी, मधूनच पांढरा खडा, असं सगळं असतं. पण ठोकळ्यावर एक जरी पांढरा खडा ठळक काढला, तरी शंभर ठोकळे ओळीने मांडल्यावर तो खडा शंभर वेळा त्याच जागी दिसतो आणि रस्ता चादरीवरच्या छाप्यासारखा वाटायला लागतो. यावर लुआंटीत एक चांगला उपाय आहे. चित्र एका ठोकळ्यापुरतं न ठेवता मोठं काढून चार बाय चार ठोकळ्यांवर एकसंध पसरवता येतं. मग एखादा मोठा खडा, एखादा ओलसर डाग, असं काही मोकळेपणाने टाकता येतं. तरीही माझा अनुभव असा की रंग जितके कमी, तितका मुरूम खरा वाटतो. सहा-सात छटांवर मी थांबतो.

पाणंदीवर मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि त्याचं मला समाधान आहे. करवीर, कागल, पन्हाळा, कुठल्याही बाजूला जा, उसाच्या दोन फडांमधून गेलेली पाणंद दिसणारच. दोन बाजूंना दोन चाकोऱ्या, मधे हरळीची पट्टी, कडेला बांध. गाळपाच्या हंगामात ऊस भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन चाकोऱ्या खोल होतात, आणि मधली पट्टी तशीच उंच राहते. एकाच ठोकळ्याची पाणंद होत नाही. खेळातला ठोकळा एक मीटरचा. म्हणजे पाणंद तीन ठोकळे रुंद धरली, डावी चाकोरी, मधलं गवत, उजवी चाकोरी. पण चाकोरी ठोकळ्याच्या बरोबर मधे काढली, तर दोन चाकोऱ्यांत दोन मीटर अंतर पडतं. एवढी रुंद बैलगाडी कुणी पाहिली आहे? गाडीच्या दोन चाकांत अंतर अंदाजे दीड मीटर. म्हणून चाकोरी ठोकळ्याच्या मधे न काढता आतल्या बाजूला पाव ठोकळ्यावर सरकवली. अर्धा मीटर तिथेच कमी झाला, आणि दुसरा फायदा असा की तोच ठोकळा उलटा फिरवून ठेवला, की समोरच्या बाजूची चाकोरी होते. वेगळा ठोकळा करायला नको.

पट्ट्यांची उंची अशी: कडेला आणि मधे पंधरा सोळांश, चाकोरीच्या तळाला तेरा सोळांश. ठोकळ्याचा आकार असा छोट्या पेट्या जोडून सांगता येतो. आणखी खोल करायचा मोह होतो, पण दुपारच्या उन्हात चाकोरीच्या कडेची बारीक सावली पडते ती एवढ्यावरच पुरेशी दिसते. वळणाला मात्र दोन वेगळे ठोकळे लागले, कारण आतल्या चाकोरीचं वळण लहान आणि बाहेरच्या चाकोरीचं मोठं. दोन पाणंदी मिळतात तिथे चाकोऱ्या एकमेकींना छेदतात आणि मधलं गवत नाहीसं होतं, कारण गाड्या तिथे कशाही वळतात. तो चौक कागलकडच्या एका मुलाने वहीत काढून आणला होता. त्याच्या घरची गाडी रोज तिथून वळते. त्याचं चित्र जसंच्या तसं ठोकळ्यावर उतरवलं.

जांभ्याचं काम लवकर झालं. मसाईचं पठार, गगनबावडा, आजरा, चंदगड, पश्चिमेकडे सरकलं की जमीन लाल होते आणि दगडाला भोकं दिसायला लागतात. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, उघड्या हवेत राहिला की घट्ट होत जातो. म्हणून त्याचे दोन रंग ठेवले: ताजा, केशरी झाक असलेला, आणि पाऊस खाऊन काळवंडलेला. पेव्हिंग ब्लॉकचा नागमोडी ठोकळा एका बैठकीत झाला. आमच्या पेठांमधल्या किती गल्ल्यांत आज तेच आहेत, त्यामुळे तो हवाच होता. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

पायऱ्यांकडे वळलो ते जोतिबाच्या मुलीला सोबत घेऊनच. लुआंटीत माणूस उडी न मारता ठोकळ्याच्या सहा दशांश उंचीपर्यंत चढू शकतो. त्यामुळे अर्ध्या ठोकळ्याची पायरी सहज चढता येते, आणि तयार जिन्याचे ठोकळे तसेच असतात. पण डोंगरावरच्या पायऱ्या तशा नाहीत. म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सासनकाठी उचललेले गडी, सगळ्यांना चढायचं असतं. पायरी बुटकी आणि खोल असते. आम्ही पाव ठोकळ्याची पायरी केली. एक ठोकळा चढायला चार पायऱ्या. काळ्या दगडाचा रंग एकदम काळा ठेवला नाही, निळसर करडा ठेवला, आणि पायरीची पुढची धार दोन छटा उजळ, कारण पाय लागून लागून तिथला दगड गुळगुळीत झालेला असतो.

मग गुलाल. चैत्र पौर्णिमेला डोंगर गुलाबी होतो हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. मी गुलालाचा एक पातळ थर केला होता, गालिच्यासारखा, सगळ्या पायरीवर सारखा. मुलीने तो बघितला आणि मान हलवली. "सर, यात्रंदिवशी असतोय असा. दुसऱ्या दिवशी मधला पायानं निघून जातोय. सांध्यात ऱ्हातोय, आन्‌ भिंतीकडंला." पुढच्या रविवारी मी डोंगरावर जाऊन बघितलं. यात्रेला बरेच दिवस होऊन गेले होते. दोन दगडांच्या सांध्यात, जिथे झाडू पोचत नाही आणि पावलंही पोचत नाहीत, तिथे गुलाबी रेघ होती. पायरी आणि कठड्याच्या कोपऱ्यात तर बोटाला लागेल इतका गुलाल. आता आमच्या खेळात गुलालाचे तीन ठोकळे आहेत: भरलेला, मधून विरलेला, आणि फक्त सांध्यांतला. एकाचा दुसरा आपोआप होतो, पण कुणी त्यावरून चाललं तरच. शेवटचा कधी जात नाही. तो तसाच ठेवावा ही मुलीचीच अट होती.

इथून एक मोठा विषय सुरू झाला. गुलाल चालल्याने विरतो, तर गवत चालल्याने का विरू नये? फावडं मारून एका झटक्यात पायवाट करणं खेळात सोयीचं असतं. मसाईच्या पठारावर कुणी फावडं मारलेलं नाही. माणसं आणि गुरं एकाच अंगाने चालत गेली आणि वाट पडली. आम्ही तसंच करायचं ठरवलं. कार्यक्रम दर सेकंदाला बघतो, कोण कुठल्या ठोकळ्यावर उभं आहे, आणि त्या ठोकळ्याच्या नावावर एक पाऊल टिपून ठेवतो. पुरेशी पावलं झाली की उंच गवत खुरटं होतं, मग पिवळं, मग उघडी माती. उलट बाजूने, खेळातले बरेच दिवस तिकडे कुणी फिरकलं नाही, तर हरळी पुन्हा चढते. लुआंटीतला दिवस वीस मिनिटांचा असतो, त्यामुळे मोडलेली वाट गवताखाली जाताना मुलांना एका दुपारीही बघायला मिळते.

किती पावलांनी वाट पडावी, यावर वर्गात खूप वाद झाला. कमी ठेवली तर जिथे तिथे माती उघडी पडते, जास्त ठेवली तर एकटा मुलगा कंटाळतो. शेवटी असं ठरलं की वेगवेगळ्या माणसांच्या पावलांना जास्त वजन द्यायचं. एकच जण शंभर वेळा गेला त्यापेक्षा दहा जण दहा-दहा वेळा गेले, तर वाट लवकर पडते. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही. मुलांना तो न्यायाचा वाटला, मलाही पटला.

पाऊस आला म्हणजे राड आली. काळ्या रानातली राड कोल्हापूरकराला काय सांगायची, चप्पल राडीत राहते आणि पाय तेवढा वर येतो. ठोकळ्याची दिसणारी उंची वेगळी आणि पाय टेकायची उंची वेगळी ठेवता येते. राडीच्या ठोकळ्यात पाय तीन सोळांश खाली रुततो आणि वेग कमी होतो. आवाज मी रंकाळ्याच्या मागच्या बाजूला पहाटे जाऊन फोनवर टिपला. रहदारी सुरू व्हायच्या आधीच जावं लागतं, नाहीतर पचकन्‌ पाऊल पडल्याच्या आवाजामागे हॉर्न येतो. नियम साधा आहे: उघड्या मातीच्या वाटेवर पाऊस पडला की तिची राड होते, गवत आणि बसवलेला मुरूम टिकतो.

जुलैमध्ये दरवर्षी पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती निघते. आमच्या मुलांनीही वर्गात तीच मोहीम काढली, सगळे जण एकाच जगात, पाऊस चालू ठेवून. मसाईचं पठार त्यांनी आधीच बांधलं होतं. पहिल्या दोघा-तिघांनी सरळ रेघ धरली. गवत उघडं पडलं, पावसाने राड झाली, मागचे रुतायला लागले. "ओ सर, मधनं चालवतच न्हाई!" म्हणून मागच्यांनी राड टाळून कडेच्या गवतावरून पाय टाकले. मग ते गवतही उघडं पडलं, तिथेही राड झाली, त्यांच्या मागचे आणखी कडेने गेले. तासाभराने मी वरून बघितलं, तर सुरुवातीला एका ठोकळ्याची असलेली वाट पठारावर पाच-सहा ठोकळे पसरली होती, आणि जिथे जांभ्याचा खडक वर आला होता तिथे पुन्हा एकाच ठोकळ्याची झाली होती.

वाट रुंद व्हावी असं आम्ही कुठेही लिहिलेलं नव्हतं. पावलं मोजायची, मातीची राड करायची, राडीत वेग कमी करायचा, एवढंच लिहिलं होतं. पावसाळ्यात खऱ्या पठारावर वाट अशीच पसरते आणि खडक लागला की अशीच आक्रसते, हे मी अनेकदा चालताना बघितलं आहे, पण का ते त्या दिवशी डोळ्यांसमोर घडलं. मुलं पाऊण तास त्यावरच बोलत होती. एकाने विचारलं, रात्री पालखी खांद्यावर घेऊन पळताना भोयांनी मधली राड धरली असेल की कड? दुसरा म्हणाला, कड दिसायला उजेड पाहिजे. हा प्रश्न चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकासमोर बसून कुणाला सुचला नसता असं मी ठामपणे म्हणेन.

ठोकळे वाढले तशी नावांची शिस्त आली. ज्याच्या-त्याच्या जगात जुने ठोकळे आधीच मांडलेले असतात. नाव बदललं आणि जुन्या नावाला नव्याशी जोडणारी ओळ लिहिली नाही, तर मुलाने कष्टाने बांधलेल्या रस्त्याच्या जागी अनोळखी ठोकळ्यांची रांग उभी राहते. म्हणून आम्ही एकही जुनं नाव टाकून देत नाही.

सध्या बंधाऱ्याचं काम हातात आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हा आमच्याकडे पाणी अडवायला असतो तसाच चालायलाही असतो. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी, पंचगंगा, या नद्यांकाठच्या कितीतरी गावांचा जवळचा रस्ता बंधाऱ्यावरूनच जातो. दगडी खांब, मधल्या गाळ्यांत पावसाळ्यानंतर घालायचे आणि पावसाळ्याआधी काढायचे बरगे, वर अरुंद रस्ता, आणि जुलैमध्ये रस्त्यावरून पाणी. बरगा हा ठोकळा झाला आहे, तो खाचेत वरून सरकवता येतो. अडचण आहे पाण्याची. खेळातलं पाणी उगमाच्या ठोकळ्यापासून ठरावीक अंतर वाहतं आणि थांबतं, नदी चढणं-उतरणं त्याला माहीत नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी, हे आकडे आमच्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ आहेत, त्यामुळे पातळीशिवाय बंधारा त्यांना मान्यच नाही. चिखलीच्या एका मुलाने मार्ग काढला आहे: पाण्याचा प्रत्येक थर वेगळा ठोकळा धरायचा आणि पाऊस जितका वेळ चालेल तितके थर वर चढवायचे. बरगे वेळेत काढले नाहीत तर पाणी मागे किती फुगायला हवं, याचं गणित तो आणि कागलचा मुलगा मिळून मांडत आहेत. मी फक्त खांबांचं चित्र काढतोय, आणि त्यासाठी उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर खांबांवर राहिलेल्या गाळाच्या रेघांचे फोटो जमवतोय.